गिरणीचा भोंगा आणि आईचा पान्हा

नवजात बालकाला अंगावर पाजताना येणाऱ्या अडचणी हा विषय सामान्यतः वैद्यकाचा किंवा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या अनुभवाचा मानला जातो, आणि त्यामुळे गावांच्या व धंद्यांच्या इतिहासात त्याला सहसा जागा मिळत नाही. सोलापूरचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास मात्र या विषयाला वगळून पुरा होत नाही. हातमाग, कापडगिरणी, विडी आणि ऊस या चार कामांनी या शहरातील व जिल्ह्यातील बायांचा दिवस आखून दिला, आणि तान्हे मूल दिवसातून किती वेळा आईच्या कुशीत पोहोचेल हेही त्याच कामांनी ठरवले. ‘दूध येत नाही’, ‘दूध आटले’, ‘अंगावरचे पुरत नाही’ या तक्रारी प्रत्येक पिढीत ऐकू आल्या आणि त्यांचे खापर बहुधा आईच्या प्रकृतीवर, तिच्या पथ्यावर किंवा कोणाच्या तरी दृष्टीवर फुटत राहिले. त्या तक्रारींमागे पुष्कळदा वेळेची आणि अंतराची चणचण होती, आणि ती चणचण मजुरीच्या एका विशिष्ट पद्धतीतून, म्हणजे नगावर किंवा वजनावर मोजल्या जाणाऱ्या उक्त्या कामातून, निर्माण झालेली होती, असे या इतिहासाकडे पाहताना दिसून येते.

यासाठी दूध तयार होण्याची क्रिया थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. बाळ स्तन चोखू लागले की आईच्या मेंदूतील ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे निरोप पोहोचवणारे द्रव्य, स्रवते आणि त्यामुळे पुढच्या वेळचे दूध तयार होते. ऑक्सिटोसिन नावाच्या दुसऱ्या संप्रेरकामुळे साठलेले दूध बाहेर येते, ज्याला मराठीत पान्हा फुटणे म्हणतात. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण आठ ते बारा वेळा पिते. पिण्याच्या वेळा कमी झाल्या आणि स्तनात दूध तसेच साठून राहिले, तर ते साठलेले दूधच नव्या दुधाची निर्मिती मंदावते. छाती दगडासारखी भरून येते, गाठी होतात, ताप चढतो आणि काही दिवसांत दूध ओसरू लागते. याउलट, अर्धपोटी राहणाऱ्या आईचेही दूध बहुधा टिकून राहते, मात्र त्याची किंमत तिच्या स्वतःच्या शरीराला मोजावी लागते, कारण पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ५०० ते ६०० कॅलरी इतके जास्तीचे अन्न लागते. थोडक्यात, गरिबीपेक्षाही बाळापासूनची ताटातूट दुधाला अधिक लवकर मारते.

गिरण्या येण्यापूर्वीच्या सोलापुरात अशी ताटातूट फारशी नव्हती. तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे, मोमीन विणकर आणि इतर कोष्टी यांचा माग घरातच असे. पुरुष मागावर बसे आणि बायका सूत उकलणे, खळ देणे, कांड्या भरणे ही कामे त्याच ओसरीवर करीत. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची लहान नळी. ती भरण्याचे काम मध्येच सोडून पुन्हा धरता येते, आणि बाळ रडले की हात थांबवता येतो. या व्यवस्थेत बाईला आराम होता असे म्हणता येणार नाही, परंतु काम आणि पाळणा एकाच छपराखाली होते.

अडचणी तेव्हाही होत्या, आणि त्यांतील सर्वांत मोठी अडचण पहिल्या तीन दिवसांची होती. प्रसूतीनंतर प्रथम येणाऱ्या दाट, पिवळसर दुधाला चीक म्हणतात. हे दूध ‘जड’ किंवा ‘नासके’ समजून पिळून टाकण्याची, आणि खरे दूध उतरेपर्यंत बाळाला मध, गुळाचे पाणी किंवा शेळीचे दूध कापसाच्या बोळ्याने पाजण्याची चाल महाराष्ट्राच्या अनेक भागांत होती. या चालीची मुळे केवळ अडाणीपणात शोधणे अन्यायाचे ठरेल. सुश्रुतसंहितेत दूध तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी सुरू होते असे सांगून तोपर्यंत मध व तूप देण्याची योजना आहे. चरकसंहितेत मात्र जन्मसंस्कारात मध-तूप चाटवल्यावर लगेच उजव्या स्तनाने पाजण्यास आरंभ करावा असे आहे. म्हणजे शास्त्रग्रंथांतच या प्रश्नाची दोन उत्तरे होती आणि लोकव्यवहाराने त्यांतील एक उचलले. आजच्या ज्ञानाप्रमाणे चिकात रोगप्रतिकारक प्रथिने व अ जीवनसत्त्व भरपूर असते, त्याची मात्रा नवजाताच्या चिमुकल्या जठराला पुरेशी असते, आणि पहिल्या तासात बाळाला पाजले तर पुढचे दूध लवकर व भरपूर उतरते. त्यामुळे तीन दिवसांचा हा खंड बाळाचे पोषण आणि आईच्या दुधाचा पाया या दोहोंवर घाला घालणारा होता.

त्याच ग्रंथांतील दुसरे एक निरीक्षण मात्र फार मोलाचे आहे. बाळाच्या स्पर्शाने, दर्शनाने आणि नुसत्या आठवणीनेही दूध स्रवते, आणि क्रोध, शोक व वात्सल्याचा अभाव यांनी ते नाहीसे होते, असे सुश्रुताने नोंदवले आहे. काश्यपसंहिता हा बालचिकित्सेवरचा प्राचीन ग्रंथ, जो नेपाळात सापडलेल्या पोथीवरून १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला, त्यात दूषित दुधामुळे मुलाला होणाऱ्या फक्क नावाच्या, चालण्याची शक्ती हरवणाऱ्या रोगाचे वर्णन आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात जो प्रबंध सादर केला, त्याचा विषयही प्राचीन आर्यांचे प्रसूतिशास्त्र हाच होता. प्रसूती आणि स्तन्य यांविषयीचे देशी ज्ञान आधुनिक वैद्यकासमोर मांडण्याचा तो एका मराठी स्त्रीचा प्रयत्न होता, ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही.

घरगुती उपायांचा साठाही समृद्ध होता. अळिवाची खीर, डिंकाचे व मेथीचे लाडू, खसखस, शतावरी, बाळंतशेप आणि भरपूर तूप घातलेली ज्वारी-बाजरीची भाकरी बाळंतिणीला दिली जाई. यांतील कोणत्या पदार्थाने प्रत्यक्ष दूध वाढते याविषयी वैद्यकाने हात आखडता घेतला असला, तरी या पदार्थांमुळे त्या बाईच्या पोटात जास्तीचे अन्न जात असे, आणि ते खाण्यासाठी तिला सव्वा महिना खोलीत बसवले जात असे, हा लाभ निर्विवाद होता. सुईण छातीला गरम पाण्याचा शेक देई, गाठी हलक्या हाताने मोकळ्या करी, आणि बाळ पकडत नसेल तर बोटाने त्याचा ओठ उघडून स्तन तोंडात देई. दूध अगदीच आले नाही तर जवळच्या नात्यातील दुसरी लेकुरवाळी बाळाला पाजी, किंवा बोंडले, म्हणजे लांब चोचीचे लहान भांडे, वापरून गाईचे वा शेळीचे दूध दिले जाई. सटवीच्या पूजेपर्यंतचे पाच दिवस घरातल्या जाणत्या बायांची नजर बाळ-बाळंतिणीवर खिळलेली असे.

या व्यवस्थेला पहिला तडा दुष्काळाने दिला. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात दख्खनचे जे जिल्हे होरपळले त्यांत सोलापूर अग्रभागी होते. विणकरांचे कापड खपेना, शेतमजुराला काम मिळेना, आणि हजारो बाया सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडण्यास व माती वाहण्यास गेल्या. सरकारी अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या सूचनेवरून प्रौढ पुरुषाच्या मजुरीतील धान्याचा वाटा दिवसाला एक पौंडावर आणला गेला, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने या अन्यायाविरुद्ध सरकारकडे दाद मागितली, आणि पुष्कळ मजुरांनी कामावर बहिष्कार टाकला. एक पौंड धान्यावर दिवसभर श्रमणाऱ्या घरात ओल्या बाळंतिणीच्या वाट्याला काय येत असेल याची कल्पना करणे कठीण नाही.

याच काळात, मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ मध्ये चालू झाली. पुढे शतक उलटता उलटता लक्ष्मी व नरसिंगगिरजी, आणि नंतर विष्णू व जाम या गिरण्या आल्या, तेव्हा तिचे नाव आपोआप ‘जुनी मिल’ पडले. दुष्काळाने मोडलेली कुटुंबे या गिरण्यांच्या दारात आली. बायांना मुख्यतः रीळ खात्यात आणि वाइंडिंग खात्यात काम मिळे; रीळ खात्यात सुताच्या लडी करीत, तर वाइंडिंगमध्ये सूत एका बॉबिनवरून दुसऱ्यावर गुंडाळीत. ही दोन्ही कामे उक्ती होती. मजुरी वजनावर मिळे, त्यामुळे यंत्रापासून दूर गेलेले प्रत्येक मिनिट थेट पगारातून वजा होई.

वेळेचा हिशेब त्याहून कठोर होता. १८९१ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांचा कामाचा दिवस अकरा तासांवर आणला आणि त्यांना दीड तासाची विश्रांती दिली, तीच त्या काळी मोठी सुधारणा समजली गेली. १९२२ च्या कायद्याने आठवड्याची मर्यादा साठ तास केली, आणि १९३४ मध्ये दिवसाची मर्यादा दहा तास झाली. जाण्या-येण्याचा वेळ धरला तर गिरणीतील आई दिवसाचे बारा तास घराबाहेर असे. रोज आठ-बारा वेळा पिणाऱ्या बाळासाठी उरलेल्या बारा तासांतील रात्रीच तेवढ्या शिल्लक राहत. पहाटे भोंगा होण्यापूर्वी एकदा, मधल्या सुट्टीत घर जवळ असेल तर एकदा, आणि संध्याकाळनंतर पुन्हा, असा क्रम पडला की स्तनाचे गणित बिघडे. दुपारपर्यंत छाती भरून चोळी भिजे, घरी पोहोचेपर्यंत गाठी झालेल्या असत, आणि दोन-तीन आठवड्यांत दूध खरोखरच कमी होई. मग शेजारणी सांगत की हिचे दूध आटले, आणि ते खरेही असे. ते का आटले हे मात्र कोणी भोंग्याकडे बोट दाखवून सांगत नसे.

बारा तास भुकेले मूल कोणाजवळ राहणार, हा प्रश्न सुटत नव्हता, आणि त्याचे सर्वांत भीषण उत्तर अफू हे होते. मुंबई इलाख्यात बाळागोळी या नावाने ओळखली जाणारी, अफू मिसळलेली मोहरीएवढी गोळी तान्ह्या मुलांना सर्रास दिली जाई. ती नसेल तर अफूचा कणच दुधात उगाळून चाटवत. मुंबई सरकारने गिरणीतील स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यास नेमलेल्या डॉ. बार्न्स यांचा अहवाल १९२२ मध्ये कामगार खात्याच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात मुंबईच्या कामगार स्त्रियांच्या ९८ टक्के बालकांना अफू दिली जात असल्याचे म्हटले होते. मुंबईत १९२१ मध्ये नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६० हून अधिक बालके वर्षाच्या आत दगावली. ज्या जन्मांची नोंदच होत नसे त्यांच्यामुळे हा आकडा फुगला असला, तरी त्यातील भयानकता त्याने कमी होत नाही. डॉ. राम नाथ चोप्रा यांनी १९३० च्या दशकात भारतातील अफूच्या व्यसनाचा अभ्यास केला, तेव्हा बालकांना अफू देण्याच्या चालीचा त्यांनी स्वतंत्रपणे विचार केला.

अफूचा स्तनपानाशी असलेला संबंध पुरेसा लक्षात घेतला जात नाही. अफूमुळे श्वास मंदावतो आणि बद्धकोष्ठ होते हे सर्वांना माहीत होते. पण तिच्यामुळे भूकही मरते, आणि गुंगीत असलेले मूल संध्याकाळी आई परतल्यावरही नेटाने चोखत नाही. चोखणे कमी झाले की प्रोलॅक्टिन कमी आणि दूध आणखी कमी, हे चक्र सुरू होई. आईला मात्र असे वाटे की मूल शांत आहे, म्हणजे त्याचे पोट भरले आहे. त्या आईला दोष देणाऱ्या सुधारकांची संख्या त्या काळी मोठी होती. तिच्या जागी असताना आपण दुसरे काय केले असते, हा प्रश्न त्यांतील थोड्यांनीच स्वतःला विचारला.

आंतरराष्ट्रीय पातळीवर हा प्रश्न १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत आला. तेथे संमत झालेल्या मातृत्वविषयक करारात प्रसूतीची रजा आणि अंगावर पाजणाऱ्या आईला दिवसातून दोन वेळा अर्ध्या-अर्ध्या तासाची सुट्टी, या दोन्ही गोष्टी होत्या. भारताने हा करार मान्य केला नाही. कामगारनेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेले प्रसूतिलाभाचे विधेयक फेटाळले गेले. त्यानंतर मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात रा. स. आसवले यांनी असेच विधेयक आणले, आणि २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा देणारे भाषण केले. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्या खर्चाचा काही भार सरकारने उचलणे रास्त असले तरी ज्या मालकाला त्या स्त्रीच्या श्रमाचा लाभ होतो त्यालाही जबाबदारीतून सुटता येणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९२९ मध्ये हा कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील अशा प्रकारचा तो पहिला कायदा होता. त्यान्वये काही आठवड्यांपुरते दिवसाला आठ आणे मिळत.

आठ आणे आणि काही आठवडे ही रक्कम व मुदत आज तुटपुंजी वाटेल, पण स्तनपानाच्या दृष्टीने प्रसूतीनंतरचा पहिला महिना निर्णायक असतो. दूध नीट बसते ते याच काळात. बाळाने केवळ बोंडी न धरता भोवतीचा काळसर भागही तोंडात घ्यायला शिकायचे असते, बोंडीला पडलेल्या चिरा भरून यायच्या असतात, आणि आईला बाळाच्या भुकेच्या खुणा कळायच्या असतात. महिन्याभराची मजुरी बुडाली तरी चूल पेटू शकेल, एवढी हमी पहिल्यांदाच कायद्याने दिली. त्यापुढच्या महिन्यांचे काय, हा प्रश्न मात्र या कायद्याने सोडवला नाही.

तो सोडवण्याचा मार्ग गिरणीतले पाळणाघर हा होता. १९३४ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना पाळणाघराची सक्ती करण्याचा अधिकार दिला. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासपेक्षा अधिक स्त्रिया असलेल्या प्रत्येक कारखान्यात ते बंधनकारक केले, आणि १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आणली. पाळणाघरात ठेवलेल्या बाळाला ठरावीक वेळी पाजण्यास जाण्याची मुभाही आली. परंतु रीळ खात्यातील बाईच्या दृष्टीने पाळणाघर गिरणीच्या कोणत्या टोकाला आहे हा प्रश्न कायद्याच्या कलमापेक्षा महत्त्वाचा होता. आवार ओलांडून जायचे, सुताची पिंज अंगावरून झटकायची, हात धुवायचे, बाळ जागे करून पाजायचे आणि परत यायचे, यात जितका वेळ जाई तितके सूत कमी निघे. पाळणाघर फुकट होते, पण तेथे जाणे उक्त्या मजुरीत महाग पडत असे. शिवाय ज्या बाईने दूधपित्या मुलाला रोज गर्दीतून गिरणीत न्यायचे, तिच्या घरी सासू असेल तर मूल घरीच राहणे तिला अधिक बरे वाटे.

सोलापुरात मातांचा आणखी एक वर्ग होता, ज्याच्या वेळेवर दुहेरी पहारा होता. ‘गुन्हेगार जमाती’ असा शिक्का मारलेल्या कुटुंबांसाठी सरकारने शहरालगत तारेच्या कुंपणाची वसाहत, म्हणजे सेटलमेंट, वसवली होती, आणि अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेचा तेथील कारभाराशी संबंध होता. या वसाहतीतील स्त्री-पुरुष गिरण्यांत काम करीत आणि हजेरीच्या वेळी कुंपणाच्या आत असणे त्यांना सक्तीचे असे. गिरणीचा भोंगा आणि सेटलमेंटची हजेरी या दोहोंच्या मध्ये जो काही वेळ उरे, त्यात या बायांनी आपली मुले वाढवली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. सोलापूरकरांच्या बोलण्यात ‘सेटलमेंट’ हे वस्तीचे नाव अजून आहे, आणि शहराच्या इतिहासात त्या मातांची स्वतंत्र नोंद व्हायला हवी.

कायद्यांचा एक अनपेक्षित परिणामही नोंदवला पाहिजे. प्रसूतिलाभ, पाळणाघर, रात्रपाळीवरील बंदी आणि यंत्रांचे नूतनीकरण यांचा मिळून परिणाम असा झाला की गिरणीमालकांना बायका नेमणे परवडेनासे वाटू लागले. मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या दशकात एकूण कामगारांत स्त्रिया पाचव्या हिश्श्याच्या आसपास होत्या, त्या पुढच्या अर्धशतकात अगदी थोड्या उरल्या. सोलापुरात त्यावर गिरणीच्या आजारपणाची भर पडली. १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली, १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला, आणि त्यातून उद्भवलेला चरणजितलाल चौधरी खटला भारतीय राज्यघटनेच्या अभ्यासकांना आजही वाचावा लागतो. समानतेच्या व मालमत्तेच्या हक्कांवरील त्या चर्चेत रीळ खात्यातल्या बायांचा प्रश्न कोणापुढे नव्हता. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता: आता कोठे जायचे?

पुष्कळ जणी विडीकडे वळल्या. सोलापूरच्या पूर्व भागात, विशेषतः तेलुगू भाषक पद्मशाली वस्त्यांत, विडी हा बायांचा मुख्य धंदा झाला आणि काही दशकांत विडी वळणाऱ्यांची संख्या हजारोंच्या घरात गेली. पद्धत अशी की कारखान्याच्या ब्रँचमधून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा मोजून घरी आणायचा, पाने भिजवून फर्म्याने कापायची, सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुडके नेऊन द्यायचे. तेथे तपासणीत खराब ठरलेल्या विड्या छाट म्हणून बाजूला काढल्या जातात आणि त्यांची मजुरी मिळत नाही. मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने विडी कारखान्यांतही पाळणाघराची तरतूद केली, पण काम घरी गेले की पाळणाघराचा प्रश्नच निकालात निघतो.

वरवर पाहता ही व्यवस्था स्तनपानाला अनुकूल आहे, आणि काही अंशी ती आहेही. बाळ खोलीतच झोळीत असते. झोळीची दोरी आईच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली असते, हात विडीवर आणि पाय झोक्यावर चालतो, आणि रडणे ऐकू आले की सूप बाजूला ठेवता येते. हातमागाच्या काळातले जवळपण अशा रीतीने परत आले. परंतु त्याबरोबर तंबाखूही खोलीत आली. तिची धूळ हवेत, अंथरुणात आणि बोटांच्या चिरांत बसते. निकोटिन कातडीतूनही शरीरात शिरते, आईच्या दुधात ते रक्तापेक्षा अधिक प्रमाणात उतरते, आणि धूम्रपान करणाऱ्या मातांत त्याचा प्रोलॅक्टिन कमी होण्याशी संबंध आढळला आहे. तरीही वैद्यकाचा सल्ला अंगावरचे दूध तोडण्याचा नाही, कारण वरच्या दुधाचे धोके त्याहून मोठे आहेत. पाजण्यापूर्वी साबणाने हात व छाती धुवावी, कामाची साडी बदलावी, झोळी सुपापासून दूर बांधावी आणि तंबाखू झाकून ठेवावी, असे सांगितले जाते. एका खोलीच्या घरात ‘दूर’ म्हणजे किती दूर, हा अडसर मात्र सल्ल्याने हटत नाही. कामगारनेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरकुलांची वसाहत उभी राहिली. बाळापासून तंबाखू वेगळी ठेवता येईल अशी भिंत या बायांना त्या घरांनी दिली, हेही त्या चळवळीचे श्रेय मानावे लागेल.

प्रसूती घरातून रुग्णालयात गेल्याने जुन्या अडचणी मिटल्या आणि नव्या उभ्या राहिल्या. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या लेडी डफरीन निधीचे नाव सोलापुरात प्रसूतिगृहाला आणि चौकालाही लाभले. १९६३ मध्ये डॉ. वैशंपायन यांच्या स्मरणार्थ वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. धनुर्वात आणि रक्तस्राव यांनी होणारे मृत्यू आटोक्यात आले. त्याच वेळी पाश्चात्त्य वैद्यकातून, विशेषतः न्यूझीलंडच्या ट्रुबी किंग यांच्या शिकवणीतून, बाळाला घड्याळ पाहून दर चार तासांनी पाजण्याची शिस्त जगभर पसरली होती, आणि बाळाला आईपासून वेगळ्या खोलीत ठेवण्याची पद्धतही आली. भोंग्याने जे गिरणीत केले तेच घड्याळाने येथे केले. त्यातच डब्यातील दुधाची पूड सुशिक्षित घरांत प्रतिष्ठेची झाली. गरीब घरांत ती पाणी वाढवून पुरवली जाई, आणि अस्वच्छ बाटलीतून अतिसार शिरे.

यातून बाहेर पडण्याची वाट दाखवण्यात महाराष्ट्राचा व शेजारच्या मुलखाचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दुसऱ्या मातांचे निर्जंतुक केलेले दूध देण्याची ही सोय म्हणजे लेकुरवाळ्या शेजारणीच्या जुन्या मदतीचे वैद्यकीय रूप होय. १९९१ मध्ये वर्धा येथे स्तनपानाचा पुरस्कार करणारे राष्ट्रीय जाळे स्थापन झाले, आणि १९९२ च्या कायद्याने बालदुधाच्या डब्यांची व बाटल्यांची जाहिरात बंद झाली. सोलापूरप्रमाणेच कापडगिरण्यांचे शहर असलेल्या दावणगेरे येथील डॉ. निर्मला केसरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये आत वळलेली बोंडी बाहेर काढण्याची एक युक्ती प्रसिद्ध केली: साध्या प्लास्टिकच्या सिरिंजचे सुईकडचे टोक कापायचे, दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने घालायचा आणि गुळगुळीत बाजू स्तनावर ठेवून हलके ओढायचे. काही रुपयांच्या या साधनाने ‘हिला पाजताच येणार नाही’ असे ठरवल्या गेलेल्या असंख्य मातांना पाजता आले. सुईणीच्या बोटांना जे कळत होते ते अशा रीतीने पाठ्यपुस्तकात आले.

जन्मानंतर पहिल्या तासात पाजण्याचे प्रमाण मात्र महाराष्ट्रात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही निम्म्याच्या थोडेसेच वर होते, जरी बहुतेक सर्व बाळंतपणे आता दवाखान्यांत होतात. याचा अर्थ पहिल्या तासाचा खंड आता मध-गुळामुळे कमी आणि शस्त्रक्रियेनंतरच्या विलंबामुळे, गर्दीच्या वॉर्डांमुळे व शेजारी बसून बाळाला नीट धरायला शिकवणाऱ्या हातांच्या तुटवड्यामुळे अधिक पडतो.

१९६१ च्या मातृत्वलाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन दुग्धपान-सुट्ट्या दिल्या, आणि २०१७ च्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवड्यांची केली, जेणेकरून सहा महिने निव्वळ अंगावर पाजता यावे. नोकरदार स्त्रीसाठी ही मोठी मिळकत आहे. सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या पट्ट्यात दर हंगामात येणाऱ्या ऊसतोडणी कामगार स्त्रीपर्यंत ती पोहोचत नाही. बीड व आसपासच्या भागांतून ऑक्टोबर-नोव्हेंबरात येणारे जोडपे एक ‘कोयता’ म्हणून मोजले जाते, मजुरी टनावर ठरते, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, आणि कामाचा दिवस चुकला की खाडा म्हणून पैसे कापले जातात. बाळ उसाच्या सरीत पाचटावर किंवा बैलगाडीला बांधलेल्या झोळीत असते; मोळी बांधून, ती गाडीत भरून झाल्यावरच आईला त्याच्याजवळ बसता येते. पहिल्या अपत्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून मिळणारे पाच हजार रुपये तिला कागदपत्रे जुळली तर मिळतात, पण त्या रकमेत सव्वीस आठवडे बसत नाहीत. रीळ खात्यात सुताच्या वजनावर, पूर्व भागात हजार विड्यांवर आणि फडात टनावर मोजल्या गेलेल्या मजुरीत मूल पाजण्याचा वेळ आजवर कोणत्याही दरपत्रकात धरलेला नाही.